तळघरातल्या आट्यापाट्या

ते खेळणं सुरू झालं की घर गुणगुणायला लागायचं. पत्र्याच्या डब्यात भुंगे कोंडल्यासारखा आवाज तळघरातून निघायचा, जिना चढून स्वयंपाकघरात पोचायचा, आणि आई वरून ओरडायची, "सुने, बंद कर गं ते! डोकं उठलं माझं." इलेक्ट्रिक फुटबॉल म्हणायचे त्याला. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, इथला अमेरिकेतला, चेंडू हातात धरून पळायचा नि फेकायचा. पत्र्याचं हिरवं मैदान, त्याच्या पोटाखाली एक थरथरणारी मोटर, आणि प्रत्येक बाजूला अकरा-अकरा प्लॅस्टिकचे खेळाडू. प्रत्येकाच्या पायाखाली एक चकती आणि चकतीला खालून दाते. बटण दाबलं की मैदान थरथरायचं आणि ही फौज आपापल्या मर्जीनं चालू पडायची. कोणी सरळ जायचा, कोणी भिंतीला तोंड लावून उभा राहायचा, कोणी दारू प्याल्यासारखा गोल गोल फिरायचा. चेंडू होता शेंगदाण्याएवढा. तो फेकायचा तर बटण बंद करायचं, स्प्रिंगच्या हाताचा एक खास खेळाडू उभा करायचा नि टिचकी मारायची. चेंडू आपल्या खेळाडूला लागला तर झेलला असं धरायचं. समोरच्याच्या खेळाडूला लागला तर चेंडू त्याचा.

मिशिगनमधल्या नोव्हायला आमच्या गल्लीत सहा मुलांची लीग होती, आणि सहावी मी. म्हणजे पाच मुलगे आणि एक सुनीता. सुनीता कोणाला म्हणता येईना, म्हणून सनी. वय तेरा. मी काही फुटबॉलवेडी नव्हते, खोटं कशाला सांगू? शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. एका पोरीनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुमच्याकडे गाईची प्रार्थना करतात ते खरं का, आणि मी घाईघाईनं म्हटलं होतं, छे छे, आम्ही नाही. त्या लीगमध्ये मला कोणी काही विचारत नसे. तिथे फक्त स्कोअर विचारत. तेवढ्यासाठी मी ती भुणभुण कानांत घेऊन बसायची.

पण हरायची. सगळेच टॉड रेमरपुढे हरायचे. टॉड आमच्या मागच्या घरात राहायचा आणि त्याची एकच चाल होती. आम्ही आपले खेळाडू मधोमध गर्दी करून उभे करायचो. तो मात्र चेंडू झेलणारे पाच जण मैदानाच्या पार कडेपर्यंत पांगवून ठेवायचा. बटण दाबलं की पाचही जण पाच दिशांना सुटायचे, आणि जो मोकळा दिसेल त्याला तो टिचकीनं चेंडू द्यायचा. आम्ही काय करायचो, तर आपला एकेक खेळाडू त्याच्या एकेकाच्या मागे सोडायचो. प्लॅस्टिकला का डोळे असतात? माझा गडी त्याच्या गड्याला धडकून गिरकी घ्यायचा नि माझ्याच गोलाकडे चालू पडायचा. एकदा मी बेचाळीस-शून्य हरले आणि घरी येऊन गादीवर पालथी पडून रडले.

त्या वर्षी आमच्या तळघरात दिगूकाका राहत होता. बाबांचा धाकटा भाऊ. बाबा शिकून इंजिनियर झाले आणि गाड्यांचे ब्रेक करायला अमेरिकेत आले. दिगूकाका नागपुरातच राहिला, हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर. बाबांनी अर्ज करकरून त्याचं ग्रीन कार्ड आणवलं. आधी त्यानं यायचं, काम धरायचं, मग काकूला आणि दोन वर्षांच्या ज्योतीला बोलवायचं असं ठरलं होतं. आठ महिने झाले तरी काम धरलं जात नव्हतं. गाड्यांचा धंदा तेव्हा बसला होता, हातात कसब असलेली इथलीच माणसं घरी बसली होती, आणि काकाचं इंग्रजी म्हणजे 'येस सर', 'नो सर', 'सॉरी सर'. सकाळी तो दाढी करून, शर्ट खोचून तयार व्हायचा आणि मग जायला जागाच नसल्यानं आईला कांदा चिरून द्यायचा. आई मूळची पुण्याची. तिला त्याचा ठेचा तिखट लागायचा आणि त्याला तिची आमटी गोड. "वहिनी, हे वरण हाय का शिरा?" असं तो विचारायचा, आणि आई हसत हसत त्याच्या पुढ्यात मिरचीची बरणी आपटायची. उशीखाली ज्योतीचा फोटो होता. तो काढून बघताना त्याला मी कितीदा पाहिलं आहे.

मी रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वॉशिंग मशीनपाशी उकिडवा बसून माझा सराव बघत होता. बराच वेळ बघितलं नि म्हणाला, "काय करून राह्यली वं तू? कायले त्याच्या मांगं पोट्टे पाठवतं?"

"काका, तो पसरवतो ना सगळ्यांना! मग मी कव्हर नको करू?"

"अवं, आट्यापाट्या कदी खेळली का नाई?"

नव्हते खेळले. मग त्यानं खडू मागितला आणि तळघराच्या सिमेंटवर आडव्या रेघा मारल्या, एकामागे एक, आणि मधून एक उभी. एकेका आडव्या रेघेवर, म्हणजे पाटीवर, एकेक गडी. पळणारा कुठेही पळो, कितीही पळो, आपण त्याच्या मागे जायचं नाही. त्याला शेवटी आपल्या रेघेवरूनच जावं लागतं. आपण रेघ सोडायची नाही. आणि मधल्या उभ्या रेघेवर एक गडी मोकळा, त्याला म्हणायचं सूर. तो तेवढा नाकासमोर धावत जातो. कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून काका वाकून वाकून, हात पसरून, एका रेघेवर डावीउजवीकडे नाचत मला दाखवत होता, आणि मी पलीकडे जायला बघत होते. चाळिशीला टेकलेला माणूस, मला एकदाही जाऊ दिलं नाही त्यानं! "मानसाच्या मांगं धावलं का आपन दमतो," तो धापा टाकत म्हणाला. "पाटी धरली का थो दमते."

मग त्यानं त्याची बारीक पकड काढली. नागपूरहून आणलेली, दांड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेली. चकत्या कोमट पाण्यात टाकायच्या, दाते नरम झाले की केसभर वाकवायचे, मग गार पाण्यात. एक बाजू जरा जास्त वाकवली की खेळाडू जागच्या जागी लहान गोल फिरत राहतो, कोपऱ्यावरच्या पोलिसासारखा. असे सात केले आम्ही, तीन ओळींत. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. टॉडचा माणूस त्यांच्या अंगणात आला की ते त्याला घासायचे, आणि आमच्या लीगच्या नियमात ज्याला शत्रू चिकटला त्याला चेंडू देता येत नसे. तिघे समोर रेटायला. आणि अकरावा, निळ्या जर्सीचा एक नाक तुटलेला खेळाडू, तो आमचा सूर. त्याचे दाते काकानं तीन संध्याकाळी खपून असे लावले की बटण दाबताच तो रेघ मारल्यासारखा थेट चेंडू फेकणाऱ्याच्या छातीवर जायचा. "लहान घास खाऊ दे त्याले," काका म्हणायचा, "मोठा खाऊ द्याचा नाई." टॉड पाच-पाच पावलं पुढे सरकायचा, लांब फेक काही मिळायची नाही, आणि शेवटी चिडून नको तिथे फेकायचा. चेंडू माझा. मी पुढे दात सरळ करणारी डॉक्टर झाले, ईडन प्रेरी नावाच्या गावात माझा दवाखाना होता तीस वर्षं. लोकांच्या पोरांच्या तोंडात तार केसभर वाकवताना मला कोणी विचारलं की हे हात कुठे शिकलात, तर मी कॉलेजचं नाव सांगायची.

टॉडचे वडील, मिस्टर रेमर, यांचं साचे बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. उंच, कमी बोलणारा, सरळ माणूस. त्यांनी एकदा माझा एक खेळाडू उचलला, चष्मा कपाळावर चढवून दात्यांकडे बघितलं आणि विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, माझ्या अंकलनी. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून ते बाबांशी बोलले. बाबा घरात आले ते जवळजवळ पळतच. "दिगू! रेमर म्हणतोय असा हात त्याला हवाच आहे. रविवारी त्याच्याकडे मुलांची फायनल आहे, तेव्हा सुनीबरोबर ये म्हणाला, बोलू. सोमवारपासून काम!" काका खाली गेला, आणि मी मागून गेले तर उशीखालचा फोटो हातात होता. "आता येते तुई बहीन," मला म्हणाला. ज्योती म्हणजे माझी बहीणच असं तो धरून चालायचा.

शनिवारी खंडेनवमी होती. आमच्या घरी तोवर खंडेनवमीला आई शिवणयंत्राला एक बोट कुंकू लावायची नि झालं. काकाला ते कसं चालावं? ज्या हत्यारांवर पोट आहे त्यांची पूजा नाही म्हणजे काय! त्यानं बाबांचे सगळे पाने, स्क्रूड्रायव्हर, गवत कापायचं यंत्र, दोन्ही गाड्या धुऊन पुसून काढल्या. आईनं परसात लावलेल्या झेंडूवर अजून थंडी पडायची होती, त्याचे हार केले. चाकांखाली लिंबं ठेवली. आणि पाटावर, पकडीच्या शेजारी, स्टीलच्या ताटात माझे अकरा खेळाडू ओळीनं मांडले. प्रत्येकाला हळद, कुंकू, वर ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. मी पाय आपटले. "काका, प्लीज! ती खेळणी आहेत! उद्या मॅच आहे माझी!"

"म्हनूनच तं," तो म्हणाला. सुराला त्यानं चकतीसकट उलटा केला आणि दात्यांनाही कुंकू लावलं, कारण काम ते करतात. आई म्हणाली, "असू दे गं, वर्षाचा एक दिवस." पुरणाचा वास घरभर सुटला होता. मी जेवण झाल्याबरोबर ताट बाथरूममध्ये नेलं, दार लावून घेतलं आणि टूथब्रशनं एकेकाला घासलं. पिवळं पाणी बेसिनमधून जाताना मला हायसं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते. पण लाज वाटण्यासारखं खरं पुढेच आहे.

रेमरांचं तळघर आमच्यापेक्षा मोठं, गालिचा घातलेलं. भिंतीवर लीगचे नियम टॉडच्या अक्षरात चिकटवलेले. पहिलाच नियम: खेळाडूला काहीही चिकटवायचं नाही, वजन लावायचं नाही, लावलं तर बाद. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बटण, हातात मिसेस रेमरनी दिलेली कुकीची बशी. मिस्टर रेमर त्याच्याकडे बघून हसले, आणि काका उभा राहून हसला. खेळ सुरू झाला. टॉडनं पाच जण पसरवले. मी पाटी धरली. टॉडनं पुन्हा पसरवले, आणखी कडेला. मी पाटी धरली. मुलं माझ्या बाजूला येऊन बसायला लागली. "गो सनी!" म्हणाली. बसमध्ये रिकामी राहणारी ती जागा मला त्या क्षणी भरलेली दिसत होती. चौदा-सात मी पुढे होते, आणि सूर तिसऱ्यांदा त्याच्या फेकणाऱ्याच्या छातीवर जाऊन थडकला तेव्हा टॉडनं रागानं तो उचलला नि उलटा केला.

"हे काय आहे?"

दात्यांच्या मधोमध एक लालभडक खडा बसला होता. अक्षतेचे दोन-तीन दाणे, कुंकवात माखून, वाळून टणक झालेले. माझ्या टूथब्रशला चुकलेले. टॉडनं नखानं टोकरलं, निघेना. "वजन आहे! म्हणूनच सरळ जातो हा!" मुलं पुढे झुकली, मग एकेक करत माझ्यापासून जरा सरकली. मिस्टर रेमर आले, चष्मा वर केला, बघितलं. "सनी, काय आहे हे?"

मला माहीत होतं काय आहे ते. मला फक्त म्हणायचं होतं, तांदूळ आहे. पण मग ते म्हणाले असते, तांदूळ कशाला? आणि मला त्या पाच पोरांसमोर सांगावं लागलं असतं की आम्ही काल ह्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना ताटात मांडून हात जोडले. मी म्हटलं, "मला माहीत नाही. माझे अंकल हे सगळं करतात."

मिस्टर रेमर काकाकडे वळले. खडा दाखवून हळू, सुटं सुटं विचारलं, हे तुम्ही लावलंत? आणि काकाचा चेहरा उजळला! कोणीतरी पूजेबद्दल विचारतंय असं वाटलं त्याला. "येस सर! आय पुट," तो उभा राहून म्हणाला. पुढचं इंग्रजी येईना, म्हणून माझ्याकडे बघून आनंदानं म्हणाला, "सांग न वं सुने त्यायले. काल खंडेनवमी होती, आमच्यात हत्याराची पूजा करते म्हनून. सांग, अक्षत हाय म्हना."

"काय म्हणताहेत ते?" मिस्टर रेमरनी मला विचारलं.

पाचही पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "ते सॉरी म्हणताहेत."

सॉरी हा शब्द काकाला येत होता. त्याच्या तीन शब्दांतला तो एक. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गालिच्याकडे बघत होते, पण मला ते बघणं कळलं, अजून कळतं. मग त्यानं बशी पायरीवर ठेवली, दोन्ही हात समोर धरले आणि म्हणाला, "सॉरी सर." मला खोटं पडू दिलं नाही त्यानं.

घरी येताना तो माझ्या पुढे दोन पावलं चालत होता. "थंडी वाजून राह्यली," एवढंच बोलला. सोमवारी बाबा रेमरांशी बोलून आले आणि जेवताना ताटावरच म्हणाले, "दिगू, लहान मुलांच्या खेळात लबाडी? वजन लावलंस म्हणे. तो म्हणतो, माझ्या शॉपमध्ये केसाच्या दहाव्या भागाचं काम असतं, तिथे मला भरवशाचा माणूस लागतो. अरे, मी तोंड कसं दाखवू त्याला?" आईचा हात वाढता वाढता थांबला. वजन म्हटल्यावर तिलाही शनिवारच्या अक्षता आठवल्या नाहीत. देवानं मला दुसरी संधी दिली होती, ती त्या टेबलावर, भाताच्या वाफेत, माझ्यापुढे उभी होती. मी वरण कालवलं. काका म्हणाला, "चुकलं दादा." आणि मी एक घास घेतला, मग दुसरा घेतला. जेवण पूर्ण संपवलं मी त्या दिवशी.

लीगमध्ये मला ठेवलं त्यांनी. माझा काय दोष, अंकलनं केलं, असं टॉडच म्हणाला. पण मी दोन आठवड्यांत सोडलं. काकानं आणखी दोन महिने वाट पाहिली आणि तो बर्फ पडायच्या सुमाराला परत गेला. विमानतळावर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी काही बोलेन म्हणून की काय, क्षणभर तसाच ठेवला. मी म्हटलं, "बाय काका."

त्यानं नागपुरात स्वतःचं एक लेथ टाकलं, बरं चाललं. मी लग्नांना, मुंजींना गेले, दर वेळी ठरवून गेले की आज सांगायचं, आणि दर वेळी तो विषय निघायच्या आत म्हणायचा, "जेवली का वं तू?" गेल्या वर्षी तो गेला. तेराव्यानंतर ज्योतीचा फोन आला. शाळेत शिकवते ती, मराठीच शिकवते. रडून मोकळी झाल्यावर म्हणाली, "ताई, बाबा तुझं फार नाव काढायचे. तिकडे त्यांच्या हातून खेळात काहीतरी लबाडी झाली, त्यापायी अमेरिका हुकली, असं आईला सांगितलं होतं त्यांनी. पण म्हणायचे, एवढीशी पोर, सगळ्यांसमोर माझ्यासाठी सॉरी म्हणाली. मला तेव्हा राग यायचा त्यांचा. कशाला केली लबाडी, असं मी एकदा तोंडावर बोलले होते त्यांना. हसले फक्त."

साठीला टेकलेली बाई मी. तेव्हाही माझ्या तोंडून निघालं, "असू दे गं, झालं ते झालं."

म्हणून हे प्रकरण तुझ्यासाठी लिहिते आहे, ज्योती, आणि तू शिकवतेस त्या भाषेत, म्हणजे मधे मला दुभाषी व्हायला नको. तुझ्या बाबांनी त्या दिवशी मला सांगितलं होतं की सांग त्यांना. तेच आता सांगते. त्या खेळाडूखाली वजन नव्हतं. अक्षता होत्या.